एक वीत जागा

वाळूची चाळण अंगणात उलटी पडली होती आणि दारावर चिठ्ठी चिकटवलेली होती. महिन्यातली ही आठवी. गवंडिणीला वाचता येत होतं, पण सकाळी सकाळी कुणाचं अक्षर वाचायची तिची इच्छा नव्हती, आणि या माणसाचं तर मुळीच नाही. अक्षर मात्र सुबक होतं. 'व्हरांडा ही दोन्ही घरांची सामाईक जागा आहे. तेथे बांधकामाचे सामान ठेवू नये. कळावे. भाडेकरू.'

"सामाईक म्हणे!" ती स्वतःशीच म्हणाली.

त्या सामाईक जागेत मोजणीदाराची आरामखुर्ची होती, चपलांचं कपाट होतं, सायकल होती, सात कुंड्या होत्या आणि गेल्या आठवड्यापासून बांबूचा पडदाही आला होता. तिच्या चाळणीला तेवढी जागा नव्हती. ओसरी दिली की पाय पसरायचे, ही म्हण ज्यानं केली त्यानं मोजणीदाराला बघितलेलं नसणार. हा माणूस पाय पसरायच्या आधी टेप पसरायचा.

मोजणीदार म्हणजे निवृत्त मोजणीदार. उभा जन्म लोकांची शेतं मोजण्यात गेला आणि आता मोजायला काही उरलं नाही म्हणून तो घरमालकाला मोजत होता. पाण्याची मोटर पहाटे किती मिनिटं चालते, नळाखाली बादली किती वेळात भरते, गवंडी किती वेळा खाकरतो, सगळं त्याच्या वहीत होतं. मागच्या पावसाळ्यात छत गळलं तेव्हा गवंडी शिडी घेऊन गेला, तर दारातच थांबवलं. "पाय धुऊन या. आणि आधी कळवत चला." स्वतःच्या हातानं घातलेल्या छताखाली शिरायला गवंड्यानं अंगणात पाय धुतले आणि परवानगीची वाट बघत ओल्या पायांनी उभा राहिला. ते गवंडिणीनं खिडकीतून बघितलं होतं. भाडेकरू नक्की कोण, आपण की तो, हा प्रश्न तिला त्या दिवसापासून पडला होता.

घर होतं जोडघर. मधे एक भिंत, अलीकडे हे, पलीकडे भाडेकरू. अठरा वर्षांपूर्वी दोघांनी लोकांची कामं करून उरलेल्या वेळात ते बांधलं. त्यानं विटा लावल्या, तिनं वाळू चाळली, मसाला कालवला, घमेली वाहिली. गवंड्याला पोरांचं कौतुक नव्हतं तेवढं या घराचं होतं. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्याला अंगणात उभं करायचा. "बघा. आरशात बघितल्यासारखी दोन घरं. मधोमध भिंत. इकडून तिकडे बोटाचा फरक नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मग काम मिळायचं. हाताच्या काकणाला आरसा कशाला, तसं हे घर म्हणजेच त्याचं नाव होतं.

यंदा त्या नावाची गरज फार होती. उन्हाळा सरत आला होता. शाळेच्या दोन खोल्या आणि कंपाउंडची भिंत एवढं एकच काम गावात शिल्लक होतं आणि हेडमास्तरांनी ते जवळजवळ त्याला दिलंच होतं. पाऊस सुरू झाला की चार महिने गवंड्याचे हात रिकामे. ते काम हातचं गेलं तर पावसाळ्यात काय खायचं, हे दोघांनाही माहीत होतं आणि म्हणून दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

गवंडिणीनं चाळण उचलली. कडेची एक पट्टी निखळली होती.

"अहो, बाहेर या जरा. तुमच्या साहेबांचं पत्र आलंय."

गवंडी बनियनवर बाहेर आला. त्यानं चिठ्ठी वाचली, चाळण बघितली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमका त्याच वेळी विटांच्या भट्टीचा मालक शाळेला किती विटा लागतील हे विचारायला अंगणात येऊन उभा होता. माणूस घरात ऐकून घेतो, पण चारचौघांत त्याला ते जमत नाही.

"मोजणीदार साहेब!" गवंड्यानं हाक मारली. "चाळण कुणी फेकली?"

बांबूचा पडदा हलला. मोजणीदार चष्मा पुसत बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. "फेकली नाही. हलवली. निम्मा व्हरांडा माझा आहे."

"निम्मा? तुमच्या कुंड्या कुठपर्यंत आल्यात ते बघा की."

"मग मोजू या."

"मोजा! नुसता व्हरांडा कशाला, सगळं घर मोजा! अठरा वर्षं झाली. या घरात एका बोटाचा फरक निघाला तर शाळेची भिंत मी बांधणार नाही. ह्या भट्टीवाल्यासमोर सांगतो."

"अहो, कशाला नसते शब्द देता?" गवंडीण घाईनं म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मोजणीदाराच्या तोंडावर तीन वर्षांत पहिल्यांदा आनंद दिसला. तो आत गेला आणि पोलादी टेप घेऊन आला. "बाई, टोक धरा."

टोक तिनंच धरायचं असतं. गेली पंचवीस वर्षं प्रत्येक कामावर दोरीचं दुसरं टोक तीच धरत आली होती. ती आपल्या पुढच्या खोलीत गेली आणि बाहेरच्या भिंतीला टेप लावून उभी राहिली.

"पावणेअकरा फूट," मोजणीदार म्हणाला आणि वहीत लिहिलं.

"दहा," गवंडी हसला. "नीट बघा. दहा आहे."

"पावणेअकरा. तुम्ही बघा."

गवंड्यानं वाकून बघितलं आणि तो हसायचा थांबला. मग सगळे पलीकडच्या घरात गेले. या वेळी पाय धुवायला कुणी सांगितलं नाही. तिथं टेप लावला. सव्वानऊ.

"फरक दीड फूट," मोजणीदार म्हणाला. "बोटाचा नाही. दोन वितींचा. आणि तीन वर्षं मी अख्ख्या निम्म्या घराचं भाडं भरतोय."

भट्टीवाला खाली बघून पायानं माती उकरत राहिला.

दोन वितींचा. गवंडिणीच्या डोक्यात तो आकडा घण घातल्यासारखा बसला. तिनं एकच वीत घेतली होती. इकडे एक वाढली की तिकडे एक कमी होते आणि फरक दोनाचा पडतो, हा साधा हिशेब तिला अठरा वर्षांत कधी सुचला नव्हता.

तेव्हा गोष्ट अशी झाली होती. सासरच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे बोळ होता. सासूबाई मागे बसायच्या, जाऊ पुढे, आणि ही मधे. वळायचं तर तिघींनी मिळून वळायचं. त्या बोळात तिचे केस जळले, पायावर उकळतं पाणी सांडलं, आणि एकदा सासूबाई म्हणाल्या, "धड उभं राहता येत नाही तर लग्न कशाला केलंस?" स्वतःचं घर बांधायचं ठरलं तेव्हा तिनं नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकघर जरा रुंद करा. त्यानं जमिनीवर काडीनं रेघा मारून दाखवल्या. "हा ओटा दोन फूट. पुढे अडीच फूट मोकळे. तुला काय नाचायचंय तिथं?" ती म्हणाली, "एक वीत तरी वाढवा." तो म्हणाला, "भिंत मधोमध येणार. घर गवंड्याचं आहे." आणि हसला. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं.

त्यानं संध्याकाळी खुंट्या ठोकून दोरी ताणली. सकाळी उजाडल्यावर फक्की मारायची, म्हणजे दोरीखाली चुन्याची रेघ ओढायची आणि मग खणायला लागायचं. झुंजुमुंजू व्हायच्या आधी ती पाणी आणायच्या निमित्तानं आली, मधल्या भिंतीच्या दोन्ही खुंट्या उपटल्या आणि जमिनीला वीत लावून एकेक वीत पलीकडे ठोकल्या. दोरी होती तशीच ताठ होती. गवंड्यानं गुण्या लावून काटकोन बघितला, तोही बरोबर. लांबी मात्र पुन्हा मोजली नाही. एकदा मोजलेलं पुन्हा मोजणं त्याला अपमान वाटायचं. मोजून झालेलं पुन्हा मोजतो तो शिकाऊ, असं तो म्हणायचा.

पुढे फरशीवाला आला आणि म्हणाला की इकडे फरश्या कमी पडतायत, तिकडे उरतायत. गवंड्यानं त्याला चोर ठरवलं. "फरश्या हाणतोस आणि वर मला शिकवतोस?" तो बिचारा अर्धं काम टाकून गेला, तो पुन्हा त्यांच्या दारात आला नाही. गवंडीण तेव्हाही मूग गिळून बसली. जिथं चूक नाही अशी खात्री असते तिथं माणूस बघतच नाही, मग अठरा वर्षं काय आणि अठ्ठावीस काय.

त्या दिवसापासून गवंडी बिघडला. आधी त्यानं टेपला शिव्या घातल्या. मग दुकानातून दुसरा टेप आणला आणि तोही तेच सांगतो म्हटल्यावर त्याला शिव्या घातल्या. दुपारच्या रणरणत्या उन्हात तो अंगणात उकिडवा बसून काडीनं पाया काढत होता. "मंगळवारी खुंट्या ठोकल्या. बुधवारी फक्की. तू दोरी धरली होतीस. दोरी ढिली होती का?"

"नव्हती," ती म्हणाली.

"मग माझे डोळेच गेले असणार. तेव्हापासून गेलेत." त्यानं दोन्ही हात उघडून बघितले. चुन्यानं खाल्लेले, भेगा पडलेले तळवे होते. "म्हणजे एवढी घरं बांधली, सगळी वाकडीच असणार."

"असं कसं असेल? लोक राहतायत ना त्यात?"

"लोकांना काय कळतं?"

जेवायला बसला तर घास हातात तसाच धरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी चुलीला गिलावा करायचं किरकोळ काम होतं. तिथं गिलावा घोटायचा त्याचा रंधा सारखा घसरत राहिला. तीन वेळा केलेला गिलावा त्यानं तीन वेळा खरवडून काढला. घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली, "गवंडीदादा, बरं नाही का?" ते ऐकून तो हत्यारं तिथंच टाकून घरी आला. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

गवंडिणीच्या जिभेवर कितीदा तरी आलं. रागही येत होता. एवढ्याशा फरकासाठी माणूस मोडून पडतो, हा कसला अभिमान? आणि तिकडे तो मोजणीदार सायकलवर टांग टाकून शाळेत जाऊन आला होता. काय सांगून आला ते गावभर झालं: स्वतःच्या घराची भिंत ज्याला मधोमध घालता आली नाही, त्याच्या भिंतीखाली मुलं बसवणार का? आणि असं बोलून आल्यावर तो व्हरांड्यात बसून आरामात चहा पीत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर चोर तो नव्हता. चोर इकडेच होता आणि भांडी घासत होता.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा निरोप आला.

शाळेच्या मैदानावर ऊन नुसतं चटके देत होतं. चुन्याच्या रेघा मारलेल्या जागेवर हेडमास्तर छत्री घेऊन उभे होते. शेजारी भट्टीवाला होता आणि वही घेऊन मोजणीदार. गवंडी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला होता. काम मागायला माणूस असा येत नाही, तो हजेरीला आल्यासारखा दिसत होता. गवंडीण मागे मागे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"तुमच्याबद्दल मनात काही नाही हो," हेडमास्तर म्हणाले. ते मऊ बोलणारे होते आणि मऊ बोलणाऱ्या माणसाची चपराक जास्त लागते. "पण उद्या काही झालं तर लोक मला विचारतील. मोजणीदार साहेबांनी आकडे लिहून दिलेत. बाहेरगावचा एक ठेकेदार आहे, तो मशीनच्या विटा लावतो..."

"मशीनच्या विटा पावसात पाणी पितात," भट्टीवाला म्हणाला. त्याच्या पोटावरही पाय येत होता.

"मी शब्द दिलाय," गवंडी म्हणाला. आवाज इतका लहान होता की हेडमास्तरांनी छत्री बाजूला करून कान पुढे केला. "फरक निघाला तर बांधणार नाही म्हटलं होतं. निघाला. आता मी थापी धरायची नाही. दुसऱ्याला द्या."

आणि तो वळला. तो चालला होता तसा, खांदे पाडून, उन्हात. गवंडिणीला त्याची दया आली आणि तेवढाच संताप आला. हा माणूस उपाशी मरेल, पण आपल्याला फसवणं कुणाला शक्य आहे असं त्याच्या मनात येणार नाही.

"थांबा," ती मोठ्यानं म्हणाली. "चूक त्यांची नाही. खुंट्या मी हलवल्या."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कसल्या खुंट्या?" मोजणीदारानं विचारलं.

"मधल्या भिंतीच्या. त्यांनी मधोमधच ठोकल्या होत्या. मी पहाटे जाऊन दोन्ही उपटल्या आणि एकेक वीत तुमच्या अंगाला ठोकल्या. त्यांना माहीत नाही. त्यांचा हात तेव्हाही बरोबर होता आणि आत्ताही बरोबर आहे."

मग मोजणीदाराच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला. "दोन्ही खुंट्या सारख्याच सरकवल्या?"

"वीत लावून."

"म्हणजे भिंत समांतर राहिली. काटकोनही राहिला." त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "फक्त जागा बदलली. बांधकामात दोष नाही."

भट्टीवाला आधी फिस्सकन हसला आणि मग पोट धरून हसला. "अहो गवंडी, तुम्ही कसले गवंडी! खरा गवंडी तर घरात भांडी घासतोय!"

"चला, सुंठीवाचून खोकला गेला," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे काम तुमच्याचकडे. सोमवारी सुरू करा."

गवंडिणीनं नवऱ्याकडे बघितलं. त्याचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं पडलं. तो काय करेल याची तिला भीती वाटली. मारेल, ओरडेल, निघून जाईल. त्यातलं त्यानं काही केलं नाही. तो बघता बघता सरळ झाला, खांदे वर आले, आणि तो हसला. सगळ्यांबरोबर हसला. "बायकांच्या हातात दोरी दिली की असं होतं बघा!"

आणखी हशा पिकला. ती उभी राहिली. ती एका प्रश्नाची वाट बघत होती. आता कुणीतरी विचारेल, की बाई, का? अंधारात जाऊन, नवऱ्याला चोरून, पोटात भीती घेऊन एवढीशी जागा का चोरलीस? कुणी विचारलं नाही.

"का सरकवली ते विचारा की," शेवटी तीच म्हणाली.

"हो, हो, ते ऐकू एकदा सावकाश," हेडमास्तर म्हणाले. "आधी पायाची खोली ठरवून घेऊ."

आणि चौघंही तिच्याकडे पाठ करून चुन्याच्या रेघांवर वाकले.

ती एकटीच घरी निघाली. वाटेत ती मोठमोठ्यानं बोलत होती, समोरून येणाऱ्या दुधवाल्यानं वळून बघितलं तरी थांबली नाही. "ह्यांचं नाव वाचलं, त्याचा विटांचा धंदा वाचला, ह्याची शाळा वाचली. आणि मी विनोद!" उन्हानं आणि रागानं तिचं डोकं भणभणत होतं. हात दुखेपर्यंत दोरी धरा, कंबर मोडेपर्यंत घमेली वाहा, आणि शेवटी तुम्ही काय, तर बायकांच्या हातात दोरी दिली की असं होतं!

हात-पाय धुऊन ती बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिली. पुरुष परतले ते हसतबोलतच. ते व्हरांड्यात बसल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं दारात मोजणीदाराची बायको येऊन उभी राहिली.

ही बाई तीन वर्षांत क्वचित बाहेर दिसायची. पाणी भरताना मान हलवायची, तेवढंच बोलणं.

"ताई," ती म्हणाली, "जरा आमच्याकडे या."

आता भांडण, हे गवंडिणीनं ओळखलं. तिनं उत्तरही तयार केलं. घर माझं आहे, विटा मी वाहिल्यात, एक वीत घेतली तर कुणाच्या बापाचं गेलं? हे सगळं तोंडात घोळवत ती तिच्या मागोमाग गेली. व्हरांड्यात गवंडी चक्क मोजणीदाराच्या शेजारी स्टुलावर बसला होता आणि दोघं टेप पसरून काहीतरी ठरवत होते.

मोजणीदाराच्या बायकोनं तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. चहाचं पातेलं उकळत होतं.

"इथं उभ्या राहा. ओट्यासमोर."

गवंडीण उभी राहिली. पोट ओट्याला लागलं.

"आता वळा."

ती वळायला गेली. पाठ भिंतीला घासली, कंबर ओट्याच्या कडेवर आपटली आणि कोपर पातेल्याला लागलं. तिनं हात झटकला. चटका बारीकच होता. पण तो लागताच तिच्या अंगातून सासरचा तो बोळ सरसरत गेला.

"पावणेदोन फूट," बाई म्हणाली. "साहेबांनी सगळं घर मोजलं. हे नाही मोजलं. हे मी मोजलंय, माझ्या वितीनं."

तिनं बाही वर केली. कोपराच्या वर डाग होते, जुने तपकिरी, नवे गुलाबी, एकावर एक.

गवंडिणीची नजर पाठीमागच्या भिंतीवर गेली होती. तिथं कमरेपासून खांद्यापर्यंत एक काळपट, तेलकट पट्टा पडला होता. तो पट्टा तिच्या ओळखीचा होता. दर भाडेकरू गेला की चुन्याचा हात मारायला तीच यायची, आणि दर वेळी या डागाला शिव्या घालायची. काय घाणेरड्या बायका, भिंतीला टेकून स्वयंपाक करतात! पाच बिऱ्हाडं गेली, पाच वेळा तिनं तो डाग पुसला. एक मास्तरीण होती, एक शिंपीण होती, एक तर गरोदर होती. भिंतीला टेकल्याशिवाय इथं उभंच राहता येत नव्हतं.

"साहेबांना सांगायचं होतं," ती कसंबसं म्हणाली.

"सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात. म्हणाले, भिंत काय सरकते का कधी?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं चहा कपांत ओतला आणि कप ताटलीत ठेवले. गवंडिणीनं तयार केलेलं उत्तर कधीच गळून पडलं होतं.

"मी तुम्हाला ओळखतही नव्हते," ती म्हणाली. "तेव्हा कुणीच नव्हतं इथं. नुसती मोकळी जमीन होती."

"पण कुणीतरी येणारच होतं ना, ताई?"

बाहेरून मोजणीदार ओरडला, "चहा होतोय की नाही?"

बाईनं ताटली उचलली. कोपरं अंगाला घट्ट धरली. "जरा बाहेर व्हा. दोघींना जाता येत नाही."

गवंडीण दाराच्या बाजूला होती, पण वळायला जागा नव्हती. तेव्हा ताटलीसमोर ती उलट्या पावलांनी, एकेक पाऊल चाचपत, दारापर्यंत आली.

व्हरांड्यात तंटा मिटला होता. "ऐक," गवंडी खुशीत म्हणाला. "साहेबांशी बोलणं झालं. व्हरांड्यातली दीड फूट जागा त्यांना देऊन टाकली. घरातली भरपाई व्हरांड्यात. त्यांची खुर्ची ऐसपैस बसेल."

"कुणाची वीत कुणाला देताय?" गवंडीण म्हणाली.

"म्हणजे?"

"ती जागा मी ह्यांच्या खुर्चीची घेतली नव्हती. हिच्या पायाखालची घेतली. आत जाऊन बघा. दोघं जा, आणि वळून दाखवा. तुम्ही मोजायचं म्हणून जन्मलात आणि बायकोचं कोपर कशानं भाजतं ते तुम्हाला मोजता आलं नाही, साहेब? आणि तुम्ही हो, आरशासारखी दोन घरं म्हणून गावाला दाखवता, अडीच फुटांत एकदा स्वयंपाक केला होता का?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "आणि मी तरी काय केलं? तुमच्याकडून घेता आली नाही म्हणून हिच्याकडून घेतली. हिच्याकडून घेणं सोपं होतं."

बाई ताटली धरून उभी होती.

"ओट्यामागची मोरीची भिंत पाडायची," गवंडीण म्हणाली. "ती अर्ध्या विटेची आहे, तिच्यावर भार नाही. ओट्यासकट एक वीत मोरीत सरकवायची."

"मग आंघोळीला जागा राहणार नाही!" मोजणीदार ताडकन उठला.

"तिथं तुम्ही दिवसातून एकदा उभे राहता. उद्या सकाळी मी हातोडा घेऊन येते."

"उद्या नको," मोजणीदाराची बायको म्हणाली. तिनं ताटली खुर्चीवर ठेवली, उठताना खुर्चीवर पडलेला त्याचा पेपर न उचलता. "आत्ता."

"अगं, आत्ता कसं? धूळ होईल. आणि संध्याकाळचं जेवण?"

"आधी भिंत," ती म्हणाली.

गवंडी उठला आणि हातोडा आणायला घरात गेला.